परतूर जागचे हलले नाही, तरी पत्ता बदलला

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादमधून आले, परतूर मात्र परभणीतून. गाव होते तिथेच राहिले. पण 'जिल्हा परभणी' असा पूर्ण पत्ता लिहिलेले कागद जुने ठरले. परतूरहून मंठ्याला कसे जायचे, हे सांगणाऱ्याला मात्र एक शब्दही बदलावा लागला नाही.

पूर्ण पत्ता जुना ठरणे, संगणकावरच्या बॅच फाइलींचे दुखणे नेमके हेच आहे. बॅच फाइल म्हणजे एकापाठोपाठ द्यायच्या आज्ञांची साधी मजकूर फाइल. ती चालवणारी डॉस प्रणाली आयबीएमच्या पीसीबरोबर आली, तीही १९८१ च्याच ऑगस्टमध्ये. तेव्हा फोल्डर नव्हते. ते १९८३ च्या डॉस २.० पासून आले आणि 'फाइल नेमकी कुठे आहे' हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाला.

समजा, जालन्यातल्या एखाद्या बियाण्यांच्या दुकानात अशी फाइल रोज संध्याकाळी बिलांची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवते. तिच्यात 'ई' ड्राइव्ह असे ठाम लिहिले आहे. एखाद्या दिवशी दुसरा पेन ड्राइव्ह आधी लावलेला असतो आणि नेहमीच्याला 'एफ' अक्षर मिळते. 'ई' रिकामे असते तर निदान चूक दिसली असती. इथे बिले मुकाट्याने भलत्याच पेन ड्राइव्हवर जातात, आणि हे जास्त घातक आहे.

उपाय असा, की फाइल पेन ड्राइव्हवरच ठेवावी आणि तिने स्वतःची जागा स्वतः ओळखावी. त्यासाठी टक्क्याचे चिन्ह, टिल्ड, डी, पी आणि शून्य ही पाच चिन्हे सलग लिहितात. शून्य म्हणजे ती फाइलच, डी म्हणजे तिचा ड्राइव्ह, पी म्हणजे तिथपर्यंतचा मार्ग. उत्तराच्या शेवटी तिरकी रेघ आधीच असते, ती पुन्हा द्यायची नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असू शकते, म्हणून सगळे अवतरणचिन्हांत ठेवायचे.

दोनदा क्लिक करून नीट चालणारी फाइल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केल्यावर अडखळते, याचे कारणही जागाच. तेव्हा काम विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते. म्हणून पहिल्याच ओळीत 'सीडी' आज्ञेने स्वतःच्या फोल्डरमध्ये यावे; 'स्लॅश डी' जोडले नाही, तर ड्राइव्ह बदलत नाही. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असेल, तर 'सीडी' चालत नाही. तिथे 'पुशडी' वापरावे. ते 'झेड'पासून मागे येत मोकळे अक्षर शोधून देते आणि 'पॉपडी' ते परत घेते.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, आणि जुनी संकेतपृष्ठे वापरणारी, आज्ञा चालवणारी काळी खिडकी त्यांना तीन वेगळी अक्षरे समजते. फाइलमध्ये 'बिले' असे फोल्डरचे नाव लिहायचे असेल, तर त्याआधी 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ हवी. त्या पाच चिन्हांनी मिळालेल्या मार्गात देवनागरी नाव असले, तरी ही कसरत लागत नाही. ते नाव विंडोज स्वतःच युनिकोडमध्ये पुरवते.