बंपर बसेपर्यंत

खोकं जवळजवळ माझ्या उंचीचं होतं आणि उचलताना नवल वाटावं इतकं हलकं. डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी ते फेब्रुवारीत आलं, बाहेर घोटाभर बर्फ होता. आत फायबरग्लासचा पुढचा बंपर, दारांखाली बसणारे दोन लांब साइड स्कर्ट आणि मागच्या बंपरखाली लावायची पट्टी. सगळं माझ्या १९९४ च्या माझदा मियाटासाठी. दोनच माणसांची, उघड्या टपाची, पुढचे दिवे पापण्यांसारखे वर उघडणारी ही गाडी मी सहा वर्षं सांभाळतोय.

झाकण काढलं आणि पहिला वास आला तो भोसरीचा. माझे बाबा तिथे फायबरच्या एका शेडमध्ये पंचवीस वर्षं होते. रेझिनमधल्या स्टायरीनचा तो गोडसर, नाकात झोंबणारा वास संध्याकाळी त्यांच्या शर्टाबरोबर घरी यायचा. मी लगेच फोन लावून त्यांना बंपर दाखवला. त्यांनी चकचकीत बाजू बघितलीच नाही.

"उलटा कर. पाठ दाखव. आता पुढून बॅटरी धर."

अंधारात बॅटरी धरली की फायबर बोलतं. कुठे काचतंतूंची मॅट पातळ पडलीय, कुठे रेझिनच साचलंय, कुठे हवेचा बुडबुडा अडकलाय, सगळं उजेडात उतरतं. मग नाण्याने ठोकून बघायचं. भरीव जागा टणक वाजते, पोकळ जागा बद्द. माझ्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर लांबीची बद्द जागा निघाली.

खरेदीबद्दल इथेच सांगतो, कारण माझी चूक तिथे झाली. असे सुटे भाग मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. पॉलियुरेथेन लवचीक असतं, धक्का खाऊन परत जागेवर येतं, पण जड. एबीएस प्लास्टिक नेमकं बसतं, पण त्याचे साचे महाग, त्यामुळे मोजक्याच गाड्यांसाठी. फायबरग्लासचा साचा छोट्या शेडमध्येही बनतो, म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांना बहुधा तोच आधार. असे भाग घडवणारे क्योटोचे केई मिउरा गाडी स्कॅन करून, संगणकावर आकार काढून, यंत्रावर कोरलेल्या नमुन्यावरून साचा घेतात. नकलाकार मात्र कुणाचातरी तयार बंपर आणून त्याच्यावरूनच साचा काढतो. रेझिन घट्ट होताना थोडं आक्रसतं. नकलेची नक्कल झाली की प्रत्येक पिढीत तेवढं आक्रसणं वाढत जातं, आणि मूळ बंपरचा बाकही तसाच पुढे उतरतो. मी स्वस्तात नक्कल घेतली. 'थेट बसेल' असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. आज कुणी विचारलं तर मी घेऊ नका म्हणेन. वाचलेले पैसे मजुरीत जातात, आणि ज्याने आकार घडवला त्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

रंगाआधी बसवून बघायचं, हा बाबांचा नियम. जुना बंपर उतरवला. त्याच्या आतला दांडा मी तसाच ठेवला. फायबर आत टेकतं म्हणून लोक तो काढून टाकतात, पण टक्कर झेलणारा खरा बंपर तोच. बाहेर दिसतं ते नुसतं कातडं. दांड्याला टेकणारं फायबर मी आतून घासून कमी केलं.

मग नवा बंपर मास्किंग टेपवर टांगला. डावीकडे मडगार्डपाशी फट तीन मिलिमीटर, उजवीकडे अकरा. पहिली शिवी विकणाऱ्याच्या नावाने. पण शेजारचे आजोबा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते टेप घेऊन आले, आधी गाडीच मोजली आणि उजवं मडगार्ड चार मिलिमीटर मागे सरकलेलं दाखवलं. माझ्या आधीच्या कुणा मालकाच्या काळात गाडीने तिथे मार खाल्ला असणार. म्हणजे भागही वाकडा, गाडीही वाकडी. मडगार्डचे बोल्ट ढिले केले, भोकांतल्या मोकळिकीत ते चार मिलिमीटर पुढे आणलं. उरलेले चार बंपरच्या कडेला वाढवायचे होते.

या कामाला मी दोन शनिवार दिले. पॉलिएस्टर रेझिनला ऊब लागते. पंधरा अंशांखाली ते नीट पकडत नाही आणि माझं गॅरेज तेव्हा चार अंशांवर होतं. स्टायरीनची वाफ पेट घेते, म्हणून ज्योतीचा हीटर तिथे चालत नाही. तेलाने भरलेला विजेचा हीटर आदल्या रात्रीपासून लावून ठेवला, दार खालून वीतभर उघडं. मडगार्डच्या कडेवर टेप, टेपवर मेण. बंपरची कड पाठीमागून लांब उतार देऊन घासली. तीन मिलिमीटर जाडीला छत्तीस मिलिमीटर उतार, म्हणजे नवा थर जुन्याला पुरेशी मिठी मारतो. शंभर ग्रॅम रेझिनला दीड ग्रॅम हार्डनर, वजनकाट्यावर मोजून. हा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. बाबांच्या शेडमधल्या एकाचा गेला होता, म्हणून चष्म्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही. मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडायचे, म्हणजे कडेचे तंतू विस्कटून एकमेकांत मिसळतात. रेझिन पाजलं की पांढरी मॅट काचेसारखी पारदर्शक होते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. ती रोलरने बाहेर ढकलायची. हाताशी पंधरा मिनिटं असतात. मग कपातलं उरलेलं रेझिन तापून धुरकट होऊ लागतं.

इथून तासाभरावर फ्लिंट आहे. १९५३ मध्ये शेवरोलेने पहिल्या कॉर्व्हेट तिथेच बांधल्या. त्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि अंग फायबरग्लासचं. पत्रा दाबायच्या मोठ्या साच्यांचा वेळ आणि खर्च त्याने वाचला. रोलर फिरवताना त्या ३०० गाड्यांवर राबलेल्या हातांची मला वारंवार आठवण येत होती.

दुसऱ्या दिवशी घासणं. मास्क, पूर्ण बाह्या, मनगटाला टेप. तरी काचेची कुसं मानेत शिरलीच. अंगावर आधी गार पाणी घ्यायचं, ही बाबांची सूचना मी विसरलो नव्हतो. मग लांबी भरली, पत्तीने ओढली, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून चारशेपर्यंत घोटली. उजवी फट आता तीन मिलिमीटर.

साइड स्कर्टचं काम सोपं वाटतं आणि तिथेच गाडी मरते. मियाटाच्या टपावरचं पाणी मागच्या नळ्यांतून खाली उतरतं. पाचोळा अडकून त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि तो आतून कुजतो. त्यात मिशिगनचे रस्ते हिवाळाभर मिठाने माखलेले. वरून स्कर्ट ठोकला की कुजणं दिसेनासं होतं, एवढंच. म्हणून आधी दोन्ही नळ्या साफ करायला घेतल्या, बाटलीभर पाणी ओतून खाली धार येते का पाहिलं. उजवीकडून आली. डावीकडून तासभर काहीच नाही, मग काळा चिखल. पोकळीत मेणाचा फवारा मारला. स्कर्टच्या खालच्या कडेला पाण्याच्या भोकांसमोर आणि जॅक लावायच्या जागेशी खाचा कापल्या. पत्र्यात पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड गंजरोधकाने रंगवली. यातलं काहीच पुढून दिसत नाही.

रंग मी मारला नाही. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही. ते काम बूथ आणि हवेची नळी असलेल्यांचं.

एप्रिलच्या शेवटी गाडी रंगून आली आणि त्याच संध्याकाळी पाऊस लागला. आत न घेता तिला बाहेरच उभी ठेवली. बाबा फोनवर होते. मी ओल्या फरशीवर गुडघे टेकले, डाव्या स्कर्टखाली बॅटरी धरली. मिनिटभर काही नाही. मग खाचेतून एक थेंब पडला, त्यामागे दुसरा, आणि बारीक धार लागली.

"स्वच्छ आहे का?" बाबांनी विचारलं.

मी फोन खाली धरला, त्यांना दिसेल असा.