उंचीवरून पडलेल्या कामगाराचा हक्क



भातकापणी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील अनेक वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे कामासाठी मुंबईकडे निघतात. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या नाक्यांवर उभी राहतात आणि मुकादम नेईल त्या इमारतीवर चढतात.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकूम येथे इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी मालाड पूर्वेला स्लॅब कोसळून तिघे गेले. या बातम्या आपण वाचल्या. पण दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून कंबर मोडलेल्याची बातमी होत नाही. मुकादम पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि गावची एसटी दाखवतो. घरचे ती मेहेरबानी समजतात. प्रत्यक्षात ते मालकाचे कायदेशीर देणे आहे.

देणे कोणाचे?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने हा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. काम करताना अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदार पळाला तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चालले होते, त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. ‘पुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला, तरी हक्क संपत नाही. कामगार दारू प्यायला होता, ही सबब मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही.

रक्कम किती?

वय आणि पगार यांवर ती ठरते. तीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या गवंड्याला कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर पगाराचे ६० टक्के गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. मृत्यू झाल्यास ५० टक्क्यांनी १५,५९,८५० रुपये वारसांना. उपचारांचा खर्च वेगळा. महिन्याच्या आत पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज लागते, आणि विनाकारण टाळाटाळ केल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

अपंगत्व कामाकडे पाहून ठरते. ६ जुलै १९६८ रोजी ओरिसातील एक सुतार चित्रपटगृहात काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. एकच हात गेला, म्हणून अपंगत्व अंशतः, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्णच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच लागू होते, हेही त्याच निकालात आहे.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

१. राजावाडी असो, कूपर असो की शताब्दी, केसपेपरवर ‘कामावर असताना उंचीवरून पडला’ असेच लिहून घ्यावे. सोबत आलेला मुकादम ‘घरी जिन्यावरून पडला’ असे सांगून मोकळा होतो, आणि दावा तिथेच लंगडा पडतो.

२. पोलिसांत नोंद करावी व प्रत घ्यावी.

३. इमारतीचा फलक आणि परांची यांचे फोटो काढावेत. हजेरी, मजुरी जमा झाल्याचे मेसेज, सोबत्यांची नावे-नंबर जपावेत.

४. मालकाला लेखी कळवून पोच घ्यावी.

ईएसआय कार्ड असेल, तर उपचार आणि लाभ त्या योजनेतून मागावे लागतात.

दावा कुठे?

दावा सक्षम प्राधिकाऱ्याकडे, दोन वर्षांच्या आत करायचा असतो. अपघात अंधेरीत झाला तरी कुटुंब राहते त्या भागातील प्राधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. तारखेला मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी जातीचा दाखला लागतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

आपल्या मंडळीच्या आसपास असा जखमी कामगार आढळला, तर मदतीचे पाकीट जरूर द्या. पण त्याआधी केसपेपर मागून वाचा, आणि मजकूर चुकला असेल तर त्याच दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात जा. ते पाकीट महिनाभर पुरेल. बरोबर लिहिलेला केसपेपर त्याच्या मुलांना वर्षानुवर्षे आधार देईल.