रिंगेचा आकडा 135 अंशांत वळवा

हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या गल्ल्यांत जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहिली आहेत. खाली गाड्या, वर चार-पाच मजले. हैदराबाद भूकंपक्षेत्र दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं, शिवाय पायाखाली ग्रॅनाइटचा कातळ. मग भूकंपाची काळजी कशाला, असं इथे सर्रास म्हटलं जातं.

मला हे पटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा नकाशावर तीही सर्वांत सुरक्षित क्षेत्रातच होती. आणि ती इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. त्याखाली हजारो माणसं गाडली गेली. नंतर, 2002 मध्ये, किल्लारीचा परिसर क्षेत्र तीनमध्ये गेला. 4 डिसेंबर 2024 ला मुलुगू भागात 5.3 महत्तेचा भूकंप झाला आणि हैदराबादेतही तो जाणवला.

जमीन आडवी हलते, तेव्हा इमारतीचं वजन जागीच राहू पाहतं. त्यातून निर्माण होणारं आडवं बळ मजल्यामजल्याने साठत खाली येतं. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ असतात, म्हणून वाकायची सगळी पाळी पार्किंगच्या उघड्या कॉलमवर येते. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवाल्या इमारती कोसळल्या.

मोठ्या धक्क्यात थोडं नुकसान होणारच. ते कुठे व्हावं, हे अभियंत्याने आधी ठरवायचं असतं. बीम आधी वाकावा, कॉलम टिकावा. कॉलम टिकतो तो उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांमुळे. रिंगेच्या टोकांचा आकडा काटकोनात वळवला, तर बाहेरचं काँक्रीट निखळताच ती उघडते, सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन सांडतं. तीच टोकं 135 अंशांत वळवून किमान 65 मिलिमीटर आत घातली, तर ती गाभ्यात रुतून बसतात. बीमच्या सांध्याजवळ तर रिंगा आणखी जवळ-जवळ हव्यात. भारतीय मानक 13920 मध्ये हे सगळं आहे. पण ते क्षेत्र तीनपासून पुढे बंधनकारक आहे, दोनमध्ये नाही. किल्लारीनंतर या सवलतीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

भूजच्या पुनर्बांधणीत रुग्णालय रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर उभारलं गेलं. धक्क्याचा बराच भाग त्या बेअरिंगमध्येच जिरतो. साध्या अपार्टमेंटला एवढा खर्च झेपणार नाही. मात्र उभ्या असलेल्या इमारतीतही पार्किंगच्या निवडक गाळ्यांत पायापासून काँक्रीटच्या भिंती घालता येतात, कॉलमना बाहेरून सळया आणि काँक्रीटचं कवच चढवता येतं. भिंती एकाच बाजूला घातल्या तर इमारत पिळवटते, म्हणून हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करूनच करावं.

नवा फ्लॅट घेत असाल, तर कॉलम भरण्याआधी साइटवर जा आणि रिंगेचा आकडा स्वतः पाहा. काटकोनात दिसला, तर काम तिथेच थांबवायला सांगा.