तिळाची चिक्

गेल्या संक्रांतीला आमच्या शहापुरात गल्लीतल्या बायकांनी खाऊचे स्टॉल लावले होते. डब्यांवर चिकटवायचे स्टिकर छापायचं काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर घरात बसणारा माणूस सगळ्यांना मोकळाच वाटतो. स्टिकर लहान होते, म्हणून प्रोग्रॅममध्ये लिहिलं की नाव ११ अक्षरांच्या पुढे गेलं तर काप. कुंदा नीट आला, मांडे नीट आले, गुळाची पोळी बरोबर ११ मध्ये बसली. आत्याच्या डब्यावर मात्र छापून आलं, ‘तिळाची चिक्’.

“चिक् म्हणजे काय रे? उरलेली कुणी खाल्ली?” आत्याने सगळ्यांसमोर विचारलं. बीई होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाची यापेक्षा वेगळी शोभा काय व्हायची!

चूक माझीच होती, पण ती जिथून आली ती जागा तुम्हाला दाखवण्यासारखी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर एक स्टँडर्ड लायब्ररी येते. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी. मोहरी, हळद, हिंग कुणी रोज बाजारातून आणत नाही, तसंच अक्षरं मोजणं, तारीख काढणं, यादी क्रमाने लावणं हे प्रत्येक इंजिनिअर नव्याने लिहीत नाही. डब्यातून घेतो आणि पुढे जातो. डब्यातली हळद खरी आहे की नाही, हेही बघत नाही.

आता ‘चिक्की’त किती अक्षरं? गो आणि ओकॅमल या भाषांच्या डब्यातलं नेहमीचं माप सांगतं १८, कारण ते बाइट मोजतं. पायथन सांगतं ६, कारण तिथे वेलांटी वेगळी आणि हलन्तही वेगळा मोजला जातो. पहिलीतलं पोर सांगेल, दोन. माझा प्रोग्रॅम पायथनमध्ये होता आणि दिसणारी अक्षरं मोजायची सोय त्याच्या डब्यात तेव्हा नव्हती. मी विचार न करता तिथलं माप उचललं आणि हलन्तावर कात्री चालवली.

मग हा डबा भरतं कोण? पुष्कळदा तुमच्या-माझ्यासारखे लोक, पगाराशिवाय. ओकॅमलची गोष्ट मला त्यासाठीच आवडते. फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेत १९९६ साली ही भाषा आली. तिची स्टँडर्ड लायब्ररी लहान होती, बनवणाऱ्यांना स्वतःच्या कामाला लागेल तेवढीच. वापरणारे वाढले तसा प्रत्येकाने आपापला डबा भरला. जेन स्ट्रीट या कंपनीने स्वतःचा मोठा डबा तयार करून तो सगळ्यांना खुला केला. २००८ मध्ये डेव्हिड टेलर आणि इतर काही जणांनी ‘बॅटरीज इन्क्लुडेड’ नावाने वापरणाऱ्यांचीच लायब्ररी उभी करायला घेतली, आधीच्या एक्स्टलिब नावाच्या सामूहिक कामाच्या पायावर. सगळं एका छपराखाली यावं हा हेतू. पण झालं असं की मूळचा एक, कंपनीचा एक आणि लोकांचा एक, असे डबे शेजारी शेजारी राहिले. पुढे मूळ लायब्ररीतच हळूहळू भर पडत गेली. आपल्याकडे एका गल्लीत दोन मंडळं का होतात, हे ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

पायथनची अडचण उलटी. ‘बॅटरीसकट’ मिळणारी भाषा हे तिचं जुनं भूषण. पण त्या बॅटऱ्या जुन्या झाल्या, काही सांभाळायला माणूसच उरला नाही. २०१९ मध्ये त्या काढून टाकायचा लेखी प्रस्ताव आला, त्याचं नावच ‘मेलेल्या बॅटऱ्या काढणे’ अशा अर्थाचं. चर्चा, आधी सूचना, मग वाट पाहणं असं करत २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत उरलेली १९ मोड्यूल एकदम गेली. पाच वर्षं लागली. कारण जगात कुठेतरी कुणाचा तरी प्रोग्रॅम त्यावर उभा असतो. भर घालायला उत्साह पुरतो. काढायला मात्र धीर लागतो, आणि शिव्या खायची तयारीही.

चिक्कीने डोक्यात किडा सोडला होता, म्हणून मी शोधत गेलो. दिसणारी अक्षरं कुठे तोडायची याचे नियम युनिकोड ठरवतं आणि लायब्रऱ्या ते पाळतात. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत त्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे ‘चिक्की’चे तुकडे तीन पडत: चि, क्, की. म्हणजे नियम पाळूनही माझी कात्री ‘चिक्’वर पडू शकली असती. त्या वर्षी देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र ठेवायचा नियम आला आणि तुकडे झाले दोन. पहिलीतलं पोर जिंकलं.

मी अक्षरं मोजणाऱ्या एका छोट्या खुल्या लायब्ररीकडे चाळीस मराठी शब्द तपासणीसाठी पाठवले. वाटलं, आभार मानतील. सांभाळणाऱ्याने एकच विचारलं: पुढच्या आवृत्तीत यातला एखादा शब्द चुकला तर उत्तर द्यायला तुम्ही असाल का? प्रश्न साधा होता, तरी हो म्हणायला मला दोन महिने लागले. शब्द देणं एका रविवारचं काम. हो म्हणणं म्हणजे पुढची कित्येक वर्षं, रात्री जेवण झाल्यावर, कुणा अनोळखी माणसाच्या तक्रारीला उत्तर देणं.

आता आत्या अधूनमधून शब्द सुचवते. ‘दृष्ट’, ‘कर्तृत्व’, ‘सौभाग्यकांक्षिणी’. शेवटचा शब्द पाठवताना तिने विचारलं, स्टिकरवर मावेल का?

एक काम राहिलंय. २०२३ च्या त्या नियमात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम आहेत, कन्नड नाही. खडे बाजारातल्या पाट्यांवर दोन्ही लिप्या असतात आणि कन्नडमधली जोडाक्षरं मला नीट तपासता येत नाहीत. शेजारच्या मित्राला चाळीस कन्नड शब्द मागितले आहेत. देतो म्हणालाय. पुढे उत्तर द्यायला असशील का, हे मात्र मी त्याला अजून विचारलेलं नाही.