करवंदात लोह किती?

उन्हाळा लागला की सह्याद्रीच्या उतारावरील करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लदबदून जातात. पळसाच्या पानांचे द्रोण पुढे मांडून कातकरी-ठाकर बायका घाटाच्या वळणावर बसतात. ‘खा, करवंदांनी रक्त वाढतं,’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. रक्त वाढते म्हणजे फळात लोह आहे. पण किती? आणि ते कळायचे कसे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लोहाची कमतरता.

फळात पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखी खनिजे त्या मानाने पुष्कळ असतात. लोह, जस्त, तांबे, मँगेनीज ही मात्र अत्यल्प. त्यांचे मोजमाप बहुधा दशलक्ष भागांत काही भाग असे सांगतात. दहा लाख रुपयांच्या राशीतून चार-दोन रुपये नेमके वेगळे काढावेत, तसे हे काम आहे.

प्रयोगशाळेत आणलेली फळे प्रथम ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात, वाळवतात आणि त्यांची पूड करतात. वजन केलेली पूड मुशीत घालून भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवली की शर्करा, तंतू, रंग सारे जळून जाते आणि चिमूटभर राख उरते. खनिजे असतात ती या राखेत. ती आम्लात विरघळवून ठराविक आकारमानाचा द्राव तयार करतात. शिसे, कॅडमियम यांचा काही अंश जास्त उष्णतेने उडून जाण्याचा धोका असल्याने त्यांच्यासाठी फळाची पूड जाळण्याऐवजी नत्राम्लात पचवणे अधिक सोयीचे ठरते.

आता द्रावातले लोह ओळखायचे. प्रत्येक मूलद्रव्याला प्रकाशाच्या स्वतःच्या ठराविक रेषा असतात, हे बुन्सेन व किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. मिठाने ज्योत पिवळी होते ती सोडियममुळे; पोटॅशियमने ती फिकट जांभळी होते. १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी याची दुसरी बाजू उपयोगात आणली. लोहाचा अणू जो प्रकाश देतो, तोच तो शोषूनही घेतो. म्हणून द्रावाचा फवारा ज्योतीत सोडून तिच्यातून लोहाच्याच दिव्याचा प्रकाश पाठवायचा. जितका प्रकाश कमी पोचेल, तितके लोह जास्त. माहीत प्रमाणाच्या द्रावांशी तुलना केली की आकडा हाती येतो. जस्तासाठी जस्ताचा दिवा, तांब्यासाठी तांब्याचा. यालाच अणुशोषण पद्धती म्हणतात.

यंत्र चोख असले तरी आकडा चोख असेलच असे नाही. फळे लोखंडी खलबत्त्यात कुटली, तर खलबत्त्याचे लोह करवंदाच्या नावे जमा होते. फळांवरची लाल माती नीट धुतली नाही, तर मातीचे लोह मोजले जाते. म्हणून काचेची भांडी रात्रभर सौम्य नत्राम्लात बुडवून ठेवतात आणि फळाशिवाय नुसत्या आम्लाची ‘कोरी’ चाचणी घेऊन तिचा आकडा वजा करतात. रस्त्याकडेच्या झाडांची फळे वेगळी नोंदवावी लागतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, पण मातीत बसलेले शिसे सहजी जात नाही.

सर्वांत मोठी फसगत होते ती ओल्या-सुक्या वजनाची. समजा, १०० ग्रॅम वाळलेल्या पुडीत १० मिलिग्रॅम लोह निघाले. फळात ८० टक्के पाणी असेल, तर १०० ग्रॅम ताज्या फळात ते भरते अवघे २ मिलिग्रॅम! ‘अमुक फळात इतके लोह’ असे वाचताना हे वजन कोणते, असे विचारलेच पाहिजे.

शिवाय फळातले सारे लोह काही रक्तात जात नाही. वनस्पतींतील लोह शरीर थोडेच शोषते. क जीवनसत्त्व त्याला साहाय्य करते, तर जांभळासारख्या फळांना तुरटपणा देणारी टॅनिने त्यात अडथळा आणतात. यंत्र सांगते ते फळात काय आहे. अंगी किती लागले, ते नव्हे.

मग वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटे का? तसे नाही. रानमेवा अवश्य खावा. पण रक्तक्षय झालेल्या मुलीला द्रोणभर करवंदांवर सोडून देऊ नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे. आकडा कसा काढला हे समजले, म्हणजे त्यावर किती विसंबावे हेही समजते.