लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची घरातली शिकवणी

लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर ही जात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून ब्रिटनमध्ये घडली. तिथल्या केनेल क्लबने १९०३ मध्ये तिला मान्यता दिली. पाडलेली शिकार तोंडात अलगद धरून आणणे हे तिचे मूळ काम. म्हणूनच पिल्लू चपला-मोजे पळवते. पाठलाग केला तर त्याला तो खेळच वाटतो. त्यापेक्षा खाऊ दाखवून वस्तू सोडवून घ्यावी आणि चावायला खेळणे द्यावे.

शिकवणी पिल्लू घरी आल्या दिवसापासून सुरू करावी. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच शी-शूच्या ठरलेल्या जागी न्यावे.

‘बस’ शिकवताना खाऊ नाकाशी धरून हात हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते, बूड आपोआप टेकते. टेकताक्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. धडा पाचेक मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा पुरे.

ही जात खादाड असते. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित जनुकीय बदल आढळला. म्हणून शिकवतानाचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीच देऊ नये. कुत्र्यांसाठी ते विषारी असते.