लाकडी बैलाचा फोटो कसा काढावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी आपण मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतो आणि आपल्याला बोजारा मिळतो. नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असे सांगतात.

माझा बैल आबाजींनी सागवानाचा करून दिला. नुसते वशिंड कोरायलाच त्यांना दोन दिवस लागले. माझे बाबा नागपूरला कामाला आहेत. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून मी आईच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवला. बाबांचा फोन आला, "काय रे, हा बैल होय का बकरी?" सगळे हसले. आबाजी नाही हसले.

मग मी फोटो नीट पाहिला. त्यात वशिंड दिसतच नव्हते! मी उभा राहून वरून फोटो काढला होता. वरून पाहिले की पाठ आणि वशिंड एकच दिसते. शिवाय भर दुपार होती. ऊन डोक्यावर असले की पाठ चमकते आणि पाय, तोंड सावलीत काळे पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चक्क पालथा झोपलो. कपडे मळले म्हणून आई रागावली. पण मोबाइल बैलाच्या डोळ्याइतका खाली आला पाहिजे. खरा बैल आपल्याला समोरून दिसतो, वरून थोडाच दिसतो? सकाळचे ऊन एका बाजूने येते. त्यामुळे वशिंडाची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत राहते, आणि उंचवटा समजतो.

मोबाइल फार जवळ नेऊ नये. तोंड भोपळ्यासारखे आणि मागचे पाय बारीक येतात. दोन हात मागे सरकावे.

आधी बैलामागे आमचे तपकिरी दार होते. बैलही तपकिरी, म्हणून तो दारातच हरवला. मग चुन्याच्या भिंतीपुढे ठेवला तर काळाच आला! दादा म्हणाला, मागे पांढरे जास्त असले की मोबाइल सगळाच फोटो काळपट करतो. पडद्यावर बैलाच्या अंगावर बोट टेकवायचे, मग तो उजळ होतो. मोबाइलचा लाइट लावू नये, शिंगांचे बेगड चकाकते. आणि आधी काच पुसावी. आमच्या काचेला आईचा पिठाचा हात लागला होता.

नवा फोटो पाठवला. रात्री बाबांनी विचारले, "वशिंड कोणी कोरले रे?" मी मोबाइल आबाजींच्या हातात दिला.

— इयत्ता चौथी